अवजार कोणाचे? मुक्त सॉफ्टवेअरची मालकी आणि सहकारी कारभार

सुताराने रंधा विकत घेतला की तो त्याचा झाला. पुढे दुकानदाराने दुकान विकले, रंधा बनविणाऱ्या कारखान्याचे मालक बदलले, तरी सुताराच्या पेटीतील रंध्याला त्याची झळ पोहोचत नाही. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञाची अवजारे मात्र अशी पेटीत ठेवण्याजोगी नसतात. ती इंटरनेटवरून येतात, दर काही आठवड्यांनी बदलतात, इतरांनी लिहिलेल्या शेकडो लहानमोठ्या तुकड्यांवर विसंबून असतात, आणि हे तुकडे कोणा तरी संस्थेच्या कोठारातून ऐन कामाच्या वेळी उतरवून घ्यावे लागतात. पाते आपल्या हातात आणि मूठ दुसऱ्याच्या, अशी ही स्थिती आहे.

लिहिलेल्या आज्ञावलीतील चुका शोधणे, तिच्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवणे, तिचे सुटे भाग जुळविणे, तयार झालेली आज्ञावली सर्व्हरवर उभी करणे, अशी कामे करणाऱ्या सॉफ्टवेअरला विकासकांची अवजारे असे म्हणता येईल. यांपैकी फार मोठा भाग आज ‘ओपन सोर्स’ म्हणजेच मुक्त स्रोत स्वरूपाचा आहे. भारत सरकारने शासकीय यंत्रणांमध्ये अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ साली जाहीर केले. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील तंत्रज्ञही हीच अवजारे रोज हाताळतात. तेव्हा या अवजारांचा कारभार कोण पाहतो, तो कंपनीच्या मालकीने चालावा की सहकारी पद्धतीने, हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. गेल्या पंधरा वर्षांत तो वारंवार उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याची एक वेगळी बाजू उघड झाली.

फुकट आणि मुक्त

प्रथम एक अंतर ध्यानात घेतले पाहिजे. फुकट मिळणारे सॉफ्टवेअर मुक्त असतेच असे नाही. लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिणारे तंत्रज्ञ २००२ पासून आवृत्त्यांचा हिशेब ठेवण्यासाठी ‘बिटकीपर’ नावाचे एका कंपनीचे अवजार वापरीत असत. कंपनीने ते त्यांना विनामूल्य दिले होते, परंतु त्याची मूळ संहिता त्यांच्या स्वाधीन नव्हती. एप्रिल २००५ मध्ये कंपनीने ही सवलत काढून घेतली आणि जगभर पसरलेला एवढा मोठा प्रकल्प एकाएकी अवजाराविना उरला. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात नव्या अवजाराची रचना आरंभिली. तेच आज सर्वत्र वापरले जाणारे ‘गिट’ होय. प्रत्येक कारागिराला असे स्वतःचे अवजार घडविणे साधते असे नाही, हे सांगावयास नकोच.

मुक्त स्रोत परवाना या संकटापासून बऱ्याच अंशी संरक्षण देतो. मूळ संहिता पाहण्याचा, वापरण्याचा, तीत बदल करण्याचा आणि ती इतरांना देण्याचा अधिकार या परवान्याने कोणासही मिळतो. मूळ चालकांशी मतभेद झाल्यास त्याच संहितेपासून स्वतंत्र फाटा काढण्याची मुभाही त्यातच येते. तंत्रज्ञांच्या बोलीत यास ‘फोर्क’ म्हणतात. एवढ्यावरून मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सर्वांचे सॉफ्टवेअर, असा समज रूढ झाला. परंतु संहिता ही एकटी नांदत नाही. तिला एक नाव असते, आणि ते व्यापारचिन्ह म्हणून कोणाच्या तरी नावे नोंदलेले असते. तिचा इंटरनेटवरील पत्ता कोणी तरी विकत घेतलेला असतो. तिच्या कोठाराच्या किल्ल्या कोणाच्या तरी कनवटीस असतात. परवाना या गोष्टींविषयी मौन पाळतो, आणि तंटा उपस्थित होतो तो बहुधा यांच्याविषयीच.

हडसनचा जेन्किन्स झाला

दहा जण एकाच आज्ञावलीवर काम करीत असले म्हणजे एकाने केलेल्या बदलाने दुसऱ्याचे काम मोडते, आणि ते उघडकीस येईपर्यंत कित्येक दिवस निघून जातात. सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीतील अभियंता कोह्सुके कावागुची यांच्या हातून असे प्रमाद वरचेवर घडत आणि सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी २००४ साली एक अवजार लिहिले. कोणीही बदल केला की हे अवजार सगळी संहिता आपणहून जुळवून पाही, तिच्या चाचण्या घेई आणि बिघाड आढळल्यास तत्काळ वर्दी देई. इंग्रज घरातील चाकराला शोभेल असे ‘हडसन’ हे नाव त्यास दिले गेले. संहिता मुक्त परवान्याखाली होती. जगभरच्या तंत्रज्ञांनी तीत भर घातली, तिला जोडता येतील अशी शेकडो पूरके लिहिली, आणि काही वर्षांतच हडसन या क्षेत्रातील अग्रगण्य अवजार ठरले.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सनची खरेदी पूर्ण केली. त्याच वर्षी कावागुची नोकरी सोडून बाहेर पडले. वर्षअखेरीस तंटा झाला तो अगदी किरकोळ वाटणाऱ्या कारणावरून. प्रकल्पाचे ठाणे ओरॅकलच्या सर्व्हरवर होते. ते दुसऱ्या यंत्रणेवर हलविताना योगदान करणाऱ्यांना आपल्याच प्रकल्पाचे दार काही दिवस बंद झाले. तेव्हा संहिता अन्यत्र हलवावी असा विचार पुढे आला. ओरॅकलची भूमिका अशी की, संहिता कोठेही न्या, ती मुक्तच आहे. परंतु ‘हडसन’ हे नाव आमचे आहे. या भूमिकेत कायद्याच्या दृष्टीने वावगे काही नव्हते. ज्यांनी सहा वर्षे राबून त्या नावाला मोल आणले, त्यांचा त्या नावावर कागदोपत्री कसलाच हक्क नव्हता, इतकेच.

जानेवारी २०११ मध्ये नामांतराचा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. २१४ जणांनी नव्या नावाच्या बाजूने आणि १४ जणांनी विरुद्ध मत दिले. ‘जेन्किन्स’ हे नवे नावही चाकराचेच निवडले होते. चाकर तोच, घर तेवढे बदलले. मते देणारी ही मंडळी कोणत्याही नोंदणीकृत संस्थेची सभासद नव्हती. त्यांचे भागभांडवल नव्हते की पोटनियम नव्हते. तरीही बहुतेक पूरके लिहिणारे नव्या नावामागे गेले, आणि खरे भांडवल तेच होते. ओरॅकलने हडसन हे नाव त्याच वर्षी एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविले. पुढे त्याचा विकास थंडावला आणि २०१७ साली तो प्रकल्प बंद करण्यात आला. जेन्किन्स मात्र आजही वापरात आहे.

यातून घेतलेला धडा जेन्किन्सच्या घटनेत दिसून येतो. नव्या नावाची नोंद कोणत्याही कंपनीच्या नावे न करता ती ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या ना-नफा संस्थेच्या हाती विश्वस्त या नात्याने देण्यात आली. कारभारासाठी एक मंडळ नेमले गेले. कावागुची स्वतः ‘क्लाउडबीज’ या कंपनीत गेले होते, आणि प्रकल्पावर काम करणारे अनेक जण त्या कंपनीचेच नोकर होते. तेव्हा नाव जर तिच्याच पदरी पडले असते तर एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्यापलीकडे काहीच साधले नसते.

परवान्याचा बदल

हडसनच्या प्रकरणात परवाना अभंग राहिला होता. २०२३ साली परवान्यावरच घाव पडला.

मोठ्या सॉफ्टवेअरसाठी किती सर्व्हर लागतील, ते एकमेकांस कसे जोडावेत, कोणास कोणते दार उघडे ठेवावे, हे सर्व घराच्या नकाशाप्रमाणे लिहून काढावयाचे आणि त्या लेखावरून अवजाराने सगळी मांडणी उभी करावयाची, ही ‘टेराफॉर्म’ची कल्पना. हॅशिकॉर्प या कंपनीने ते २०१४ साली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. नऊ वर्षांत त्याच्याभोवती एक संपूर्ण व्यवसाय उभा राहिला. अनेक लहान कंपन्यांनी त्यावर आधारलेल्या सेवा काढल्या. १० ऑगस्ट २०२३ रोजी हॅशिकॉर्पने जाहीर केले की, यापुढील आवृत्त्या ‘बिझनेस सोर्स’ परवान्याखाली निघतील. संहिता वाचता येईल, स्वतःच्या कामासाठी वापरताही येईल. मात्र हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणारी सेवा तिच्यावर उभारता येणार नाही. प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनंतर पुन्हा मुक्त होईल, अशी सोय त्यात ठेवली होती.

बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या संहितेवरही कंपनीला असा निर्णय घेता आला, याचे कारण योगदान-करारात होते. टेराफॉर्ममध्ये भर घालू इच्छिणाऱ्याने आपल्या लिखाणाचा वाटेल तसा परवाना देण्याचा अधिकार कंपनीस लिहून द्यावयाचा असा तो करार होता. सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो बारकाईने वाचला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्याची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की येथील मंडळी सुशिक्षित होती.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. अवजार घडविणाऱ्या अभियंत्यांचे पगार तिने वर्षानुवर्षे दिले होते. आपण पिकवावे आणि दुसऱ्याने काहीही भर न घालता बाजारात विकावे, अशी तिची तक्रार होती, आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या विरुद्ध अशीच तक्रार यापूर्वी इतर सॉफ्टवेअर कंपन्यांनीही केली होती आणि परवाने बदलले होते. प्रश्न न्यायाचा होता तसाच विश्वासाचाही. मुक्त परवाना पाहून ज्यांनी आपला व्यवसाय त्या पायावर उभारला, त्यांना पाया काढून घेण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती आहे हे त्या दिवशी प्रथम जाणवले.

जुन्या आवृत्त्या मुक्तच होत्या. दिलेला परवाना परत घेता येत नाही. तेथूनच नवा फाटा निघाला. २० सप्टेंबर २०२३ रोजी लिनक्स फाउंडेशनने ‘ओपनटोफू’ या नावाने तो आपल्या छत्राखाली घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती बाहेर पडली. पण संहिता मिळाली म्हणजे काम भागले असे झाले नाही. टेराफॉर्मला लागणारी पूरके ज्या कोठारातून मिळत, ते कोठार हॅशिकॉर्पचे होते, आणि त्याचा वापर केवळ टेराफॉर्मबरोबरच करावा अशी दुरुस्ती त्याच्या अटींत झाली होती. फाटा काढणाऱ्यांना आपले कोठार नव्याने उभारावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्प सुमारे ६४० कोटी डॉलरना विकत घेण्याचे ठरविले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. योगदान-करारावर सही करताना ज्या कंपनीवर विश्वास टाकला होता, ती आता दुसऱ्याच कंपनीचा विभाग झाली होती.

मत आहे, मालमत्ता नाही

सहकाराशी परिचय असलेल्या वाचकास सर्वांत उद्बोधक वाटेल ते प्रकरण ‘गिटी’चे आहे. गिटवर ठेवलेली संहिता अनेकांना मिळून हाताळता यावी यासाठी स्वतःच्या सर्व्हरवर बसविण्याजोगे हे अवजार. ‘गॉग्ज’ नावाच्या पूर्वीच्या प्रकल्पाचा कारभार एकाच व्यक्तीच्या हाती एकवटला होता, त्या नाराजीतून २०१६ साली गिटीचा फाटा निघाला. म्हणून येथे प्रारंभापासूनच निवडणुकीची पद्धत घालण्यात आली. देखभाल करणारे तंत्रज्ञ दरवर्षी आपल्यातून तिघांना प्रमुख म्हणून निवडीत. सहा वर्षे हा क्रम नीट चालला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एक घोषणा प्रसिद्ध झाली. गिटी लिमिटेड नावाची कंपनी स्थापन झाली असून प्रकल्पाचे इंटरनेटवरील पत्ते आणि व्यापारचिन्ह तिच्याकडे देण्यात आले आहे, असे तीत म्हटले होते. अनेक योगदानकर्त्यांना ही वार्ता घोषणेतूनच कळली. त्यांनी खुले पत्र लिहून नाव व पत्ते ना-नफा संस्थेकडे द्यावेत अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. निवडणुका झाल्या होत्या, मते पडली होती, परंतु ज्या मालमत्तेचा कारभार पाहण्यासाठी माणसे निवडली जात ती मालमत्ता मतदारांच्या सामाईक मालकीची कधी नव्हतीच. सर्वसाधारण सभा भरते, अध्यक्ष निवडला जातो, पण कारखान्याची जमीन मात्र खासगी नावावर आहे, असा हा प्रकार होता.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्जेयो’ हा नवा फाटा जाहीर झाला. एस्पेरांतो भाषेतील हा शब्द लोहाराच्या भट्टीचा वाचक आहे. या वेळी मालमत्तेची व्यवस्था आधी लावण्यात आली. नाव आणि पत्ते बर्लिन येथील ‘कोडबर्ग’ या नोंदणीकृत मंडळाकडे सोपविण्यात आले. हे मंडळ देणग्यांवर व वर्गणीवर चालते आणि त्याचे सभासद सभेत मत देतात. जर्मन कायद्यानुसार अशा मंडळाची नोंदणी करण्यास किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे येथे वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती लागतात. प्रवरानगरपासून गावोगावच्या पतसंस्थांपर्यंत ज्या पद्धतीने महाराष्ट्रात सामाईक मालकी उभी राहिली, तीच पद्धत नाव-पत्त्यासारख्या अदृश्य मालमत्तेला लावण्याचा हा प्रयत्न आहे. पुढे २०२४ साली फोर्जेयोने परवानाही बदलला, पण उलट दिशेने. त्यावर आधारलेले जे काही कोणी वितरित करील तेही मुक्तच ठेवले पाहिजे, अशी अट नव्या परवान्यात आहे.

सभासद कोण?

फाउंडेशन म्हटले की सहकार आला, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान काढले तेव्हा ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व स्वीकारले. भाग कितीही असले तरी मत एकच. सॉफ्टवेअरच्या जगातील फाउंडेशने या कसोटीस सारखी उतरत नाहीत. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये सभासदत्व व्यक्तीलाच मिळते, कंपनीला नाही. आणि तेही केलेल्या कामावरून. लिनक्स फाउंडेशन ही अमेरिकन कायद्याने उद्योगसंघ आहे. वर्गणी भरणाऱ्या कंपन्या तिच्या सभासद असतात आणि सर्वांत मोठी वर्गणी देणाऱ्यांना संचालक मंडळावर स्थान मिळते. ओपनटोफूच्या सुकाणू समितीतही आरंभी फाटा काढणाऱ्या कंपन्यांचेच प्रतिनिधी होते. ऊस पिकविणाऱ्यांनी काढलेला साखर कारखाना आणि साखरेच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेला कारखाना, या दोहोंनाही संस्था म्हणता येते. मात्र हंगामाचा भाव ठरविताना दोन्ही सभांमध्ये निराळी भाषणे होतील.

याविषयी पायथॉन या भाषेची घटना अभ्यासण्याजोगी आहे. तिचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अखेरच्या निर्णयाचा आपला अधिकार सोडला. त्यांनी वारस नेमला नाही. व्यवस्था तुम्हीच ठरवा, असे सहकाऱ्यांना सांगितले. वादविवाद आणि मतदान होऊन पाच जणांचे सुकाणू मंडळ स्वीकारण्यात आले आणि २०१९ च्या आरंभी पहिली निवड झाली. मतदार म्हणजे भाषेच्या गाभ्यावर काम करणारे तंत्रज्ञ. घटनेत एक कलम असे आहे की, एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनांहून अधिक जण या मंडळावर असू नयेत. पायथॉनवर काम करणारे अनेक जण मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत हे गृहीत धरूनच हे कलम लिहिले आहे. कंपनीला दाराबाहेर ठेवावयाचे नाही, पण बहुमत तिच्या हाती जाऊ द्यावयाचे नाही, असा त्याचा रोख दिसतो. नाव आणि पॅकेजांचे कोठार पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे. संहितेचे निर्णय एका मंडळाकडे व मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे, अशी ही विभागणी आजवर टिकली आहे.

राबणाऱ्याचे पोट

सहकारी कारभाराची सर्वांत दुबळी बाजू पैशाची आहे, आणि तिच्याविषयी या चळवळीतील लोक जरा कमीच बोलतात. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने ओळखला जाणारा गंभीर दोष सापडला. जगातील लक्षावधी संकेतस्थळे त्यावर विसंबून होती. त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणगी मिळत असे ती सुमारे दोन हजार डॉलरची, हे त्यानंतर लोकांसमोर आले. मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला तो त्या धक्क्यानंतर.

दुसरी घटना अधिक अस्वस्थ करणारी आहे. ‘एक्सझेड’ हे फाइली आवळून लहान करणारे साधन अनेक वर्षे मुख्यत्वे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळीत होता. मदतीस येतो म्हणून टोपणनावाने कोणी एक पुढे आला, दोन वर्षे निमूटपणे काम करून त्याने विश्वास संपादन केला, किल्ल्या हाती येताच साधनात चोरवाट घातली. इतर काही नावांनी मधल्या काळात मूळ चालकावर, काम होत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा लावला होता. २९ मार्च २०२४ रोजी हा कट उघडकीस आला. सर्व्हरमध्ये प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब होतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले आणि त्याने त्याचा माग काढला. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचे नोकर. एकाकी स्वयंसेवकाला कोणीच सांभाळले नाही, आणि चोर पकडला तो कंपनीच्या पगारी माणसाने, ही गोष्ट सहकाराच्या पुरस्कर्त्यांनी नजरेआड करून चालणार नाही.

कंपनीच्या कोठाराचाही अनुभव सर्वस्वी सुखाचा नाही. जावास्क्रिप्ट भाषेच्या पॅकेजांचे ‘एनपीएम’ हे कोठार एका खासगी कंपनीचे होते. मार्च २०१६ मध्ये एका पॅकेजाच्या नावावरून वाद झाला. कंपनीने नाव दुसऱ्यास देण्याचे ठरविले, तेव्हा रागावलेल्या लेखकाने आपली सर्व पॅकेजे काढून घेतली. त्यात अवघ्या ११ ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते. त्यावर विसंबलेली जगभरची असंख्य कामे काही तास अडून राहिली. शेवटी कंपनीने ते पॅकेज लेखकाच्या संमतीवाचून परत ठेवले. व्यवहार सुरू झाला हे खरे, पण कोठारातील मालावर शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तरही त्यातच मिळाले. २०२० साली हे कोठार मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबने विकत घेतले.

रुबीचे कोठार

अलीकडचे प्रकरण रुबी भाषेचे आहे, आणि त्यात कंपनी व सहकार यांची सरळ विभागणी करता येत नाही. रुबीच्या पॅकेजांचे कोठार ‘रुबी सेंट्रल’ ही ना-नफा संस्था चालवीत आली. त्या कोठाराशी जोडलेली ‘रुबीजेम्स’ आणि ‘बंडलर’ ही अवजारे मात्र वेगवेगळ्या तंत्रज्ञांनी अनेक वर्षे सांभाळली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये संस्थेने संहितेच्या भांडाराचा ताबा आपल्याकडे घेतला आणि दीर्घकाळ देखभाल करणाऱ्यांचे अधिकार काढून घेतले गेले. कोठाराची सुरक्षितता आणि त्याविषयीची आपली जबाबदारी, असे कारण संस्थेने दिले. सर्व्हरचा खर्च व कायदेशीर दायित्व ज्याच्या शिरावर, त्याला किल्ल्या कोणाकडे आहेत हे पाहावे लागते, हा युक्तिवाद हलका नाही. देखभाल करणाऱ्यांचे म्हणणे असे की, कोठार तुमचे असेल, पण अवजारे तुमची केव्हा झाली? दोन्ही बाजूंपाशी दाखविण्याजोगा असा स्पष्ट लेखी करार नव्हता. संस्था ना-नफा होती हे खरे. परंतु जे राबत होते ते तिचे सभासद नव्हते, आणि म्हणून त्यांना मत मागण्याची जागाच नव्हती.

ऑक्टोबरमध्ये बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी ‘जेम डॉट को-ऑप’ या नावाने स्वतंत्र कोठार सुरू केले. सहकार हा शब्द या वेळी थेट पत्त्यातच आला. त्याच महिन्यात रुबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांनी घोषणा केली की, रुबीजेम्स व बंडलर यांच्या संहितेची जबाबदारी रुबीचा गाभा सांभाळणारे मंडळ घेईल आणि रुबी सेंट्रल त्याच्या सोबतीने काम पाहील. परवाने आणि लेखकांचे हक्क यांत बदल होणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. कोठाराचे सर्व्हर रुबी सेंट्रलकडेच राहिले. संहिता एकाकडे, कोठार दुसऱ्याकडे आणि जुने जाणते कारागीर तिसऱ्याच दाराशी, अशा वाटणीने २०२५ चे वर्ष सरले.